न काढलेला कपॅसिटर

नाही, मावशी म्हणू नका — तुमच्या कंपनीने मला नातं जोडायला नाही, चिप तपासायला ठेवलंय. बसा. घाबरलेय मी, हो, आणि ही पडद्यावरची रेघ बघितलीत तर तुम्हीही घाबराल. हृदयाला ठोके देणारं तुमचं यंत्र, डॉक्टरच्या हुकमाशिवाय ठोका बदलत नाही, हुकूम गुप्त किल्लीने बंद, गणित पक्कं — सगळं कबूल. पण गणित करताना चिप वीज खाते, कधी कमी, कधी जास्त, आणि नुसत्या त्या चढउतारावरून काल दुपारी मी अख्खी किल्ली वाचली. मी, सातवी पास, रेडिओ उघडून शिकलेली बाई. मग पापणी लवायच्या आत वीज तोडून जोडली, तर चिप ‘तू कोण’ हे विचारायलाच विसरली. आणि शहाण्यांनो, किल्ली सगळ्या यंत्रांना एकच दिलीत? म्हणजे ती ज्याच्या हाती लागेल, तो कुणाच्याही छातीतल्या यंत्राला हुकूम देईल.

दोन वर्षांपूर्वी हेच यंत्र तपासलं तेव्हा का नाही दिसलं म्हणता? दिसलं असतं. आमच्या धंद्यात पहिलं काम, बोर्डावरचा कपॅसिटर काढायचा — तो चढउतार दाबून टाकतो, तोंडावर उशी धरल्यासारखा. तुमचे मोठे साहेब म्हणाले, नमुना एकच आहे, खराब करू नका. नाही काढला. रेघ सपाट आली, मी सही ठोकली. चूक माझी, माझ्या एकटीची — आणि त्या सहीच्या भरवशावर धाकट्या बहिणीला म्हटलं, घे बसवून, मी तपासलंय. ती अजून हसत सगळ्यांना सांगते, ‘ताईची सही छातीत घेऊन फिरते मी.’ काल ती जिना चढताना दम घ्यायला थांबली, तर मी हातातलं टाकून तिच्याकडे धावले. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, जाऊ दे.

जुन्याच अहवालावर पुन्हा सही हवी तुम्हाला, आणि सहाशे माणसं ते यंत्र घेऊन रस्त्याने चाललीत — काय? हळू बोला, ती आत झोपलीय. तिचं एकटीचं यंत्र बदलून देता? याच आठवड्यात, गाजावाजा न करता, आणि मी फक्त इथे… थांबा. बाकीच्यांचं काय, हे मी विचारलंच नाही, आलं का लक्षात? विचारायला हवं होतं. आणि हा माझा हात बघा कुठे चाललाय — तुम्ही पुढे केलेल्या पेनाकडे.

उठा. कागद उचला आणि चालते व्हा. जा म्हणते ना — मी हो म्हणायच्या आत जा.