ओपलच्या नावाआधीची जागा

ओडेल : बंद कर ते, अर्लीन. किळस येतेय मला.

अर्लीन : अरे, पहिलंच गाणं आहे! नवा अल्बम सगळ्यांत आधी तुला ऐकवतेय, आणि तू...

ओडेल : हा स्टील गिटार वाजवणारा कोण?

अर्लीन : कोण म्हणजे? तूच ना.

ओडेल : बावीस वर्षं तुझ्या डाव्या हाताला बसून वाजवतोय. मला माझा हात ओळखू येत नाही? असं पाकात घोळवलेलं मी वाजवीन?

अर्लीन : बरं बाबा. नॅशव्हिलचा एक पोरगा आहे. ट्रेंटने नंतर त्याच्याकडून वाजवून घेतलं.

ओडेल : आणि ड्रम? टालमेजचे नाहीत हे.

अर्लीन : ट्रेंट म्हणाला, टालमेज ढिला पडतो.

ओडेल : ढिला! अगं, तो तुझी वाट बघतो. तू प्रत्येक ओळ उशिरा उचलतेस, आणि तो तुझ्या खांद्याकडे बघून काठी खाली आणतो. हा ट्रेंट स्वतःला मोठा निर्माता म्हणवतो, आणि एवढं कळत नाही मेल्याला?

अर्लीन : हळू बोल. शेजारी चर्चमधून परत आलेत. भेंडी खा, आत्ताच तळलीय.

ओडेल : घशाखाली उतरणार नाही. 'ओपल' लाव.

अर्लीन : ते नको.

ओडेल : लाव म्हणतो ना.

(गाणं वाजून संपतं.)

ओडेल : रेकॉर्डिंगच्या दिवशी ओपलच्या, तुझ्या बहिणीच्या नावापाशी तुझा गळा दाटला होता. एकाच खोलीत होतो आपण. तू थांबलीस, म्हणून आम्हीही तोच सूर धरून बसलो. टालमेजने काठ्या मांडीवर ठेवल्या न् डोळे पुसले. मग कुठे तू नाव घेतलंस. ती जागा कुठाय?

अर्लीन : कापली. तिथे काहीच घडत नाही म्हणाला.

ओडेल : काहीच घडत नाही! शी! आणि तू ऐकून घेतलंस?

अर्लीन : मला नंतर कळलं रे...

ओडेल : खोटं नको बोलूस. यातलं 'ओपल' त्या दिवशीचं नाहीच. एक कंप नाही त्यात, धुऊन वाळत घातल्यासारखं आहे. तू परत जाऊन गायलीस.

अर्लीन : गेले होते. मार्चमध्ये.

ओडेल : मार्चमध्ये? दात काढायला जाते म्हणालीस तेव्हा? माझी बायको तुझ्यासाठी सूप घेऊन आली होती!

अर्लीन : काय करू मग? कंट्रीवाले म्हणतात ही ब्लूज गाते, ब्लूजवाले म्हणतात कंट्री गाते. एकोणसाठाव्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या कंपनीने दार उघडलं. मासळीच्या खानावळीतच गात मरू?

ओडेल : आणि अल्बमच्या पाकिटावर फोटो आमचा कशाला?

अर्लीन : ट्रेंटला तुमचे चेहरे आवडले. खरे वाटतात म्हणे.

ओडेल : थू!

अर्लीन : ऐक ना. शनिवारी बर्मिंगहॅमला पहिला कार्यक्रम आहे. मला तुम्हीच हवे आहात. फक्त... जसं अल्बममध्ये आहे, तसंच वाजवायचं. त्या पोराचं जमेल ना तुला बसवायला?

ओडेल : मी बांधलेल्या गाण्यात त्याची नक्कल करू?

अर्लीन : एवढ्या वेळेपुरतं. हात जोडते तुझ्यापुढे.

ओडेल : राग आला असता ना, तर भांडून मोकळा झालो असतो. पण नुसती किळस येतेय. माझीसुद्धा. कारण आत्ता क्षणभर मनात आलं, घ्यावं शिकून.

अर्लीन : मग ये ना!

ओडेल : नाही. त्या पोरालाच बोलाव, हात साफ आहे त्याचा. आणि त्याचे ड्रम काढून टाकलेत, हे टालमेजला तूच सांग. घरी जाऊन, समोर बसून सांग.

अर्लीन : ओडेल, थांब. शनिवारी 'ओपल' गाताना माझा गळा दाटला तर?

ओडेल : दाटू देऊ नकोस. ती वाजवणारी माणसं थांबणार नाहीत.