अण्णांची दुसरी बाटली

बसा सगळे. मागच्या बायांनो, पुढे या, जागा आहे. मला भाषण येत नाही, दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी. आणि रडत बोललं की निम्मं कळत नाही, म्हणून घरूनच रडून आलेय.

वेंकटेशअण्णा गेले, त्याला आज तेरा दिवस. मल्लेश्वरमच्या कॉलेजात ते पाणी तपासायचे. आपल्या के. आर. पुरमशी त्यांचं काय देणंघेणं? काही नाही. तरी दर रविवारी दोन बस बदलून यायचे.

तेव्हा आमच्या खालच्या गल्लीत घरोघरी पोरं जुलाबानं आडवी. वरच्या गल्लीच्या नळाला चांगलं पाणी, आमच्या नळाला वास. आमचा पाइप गटारातून गेलेला. पाणीखात्याच्या ऑफिसात साहेब म्हणायचे, पुरावा आणा.

अण्णांनी मला बाटली दिली. "अक्का, नळाचं पाणी भरून ठेवा. मी येऊन नेतो."

आता ऐका. एवढा शिकलेला माणूस दारात येणार, त्याच्या हातात घाण पाणी द्यायचं? मला लाज वाटली. मी पाणी फडक्यानं गाळलं, खळखळून उकळलं, आणि मग भरलं.

रिपोर्ट आला. पाणी उत्तम! साहेबांनी फाइल मिटली. गल्ली अण्णांवर उलटली. "तुम्हाला तपासताच येत नाही," असं तोंडावर म्हणाले. कोण म्हणालं? इथंच बसलेत. मी काय केलं, ते मी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते एवढे हसले! "अक्का, पाहुण्याला द्यायचं पाणी नव्हतं ते. चूक माझी, मी नीट सांगितलं नाही." साहेबांपुढंही तेच, चूक माझी. माझं नाव घेतलं नाही. कधीच नाही.

दुसरी बाटली भरताना वरच्या गल्लीच्या बायका आल्या. त्यांच्या नळाचीही एक भरली. दोन्ही रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आम्ही आणि त्या एकाच बाकावर बसलो. उठा म्हणाले, उठलो नाही. पाइप बदलला तेव्हाच बाक सोडला.

तर ती पहिली बाटली मी भरली होती. अण्णांना जे बोललात, ते आज मला बोला. माझी पोरं शाळेत जातात, ती त्या माणसामुळं.

आता दोन मिनिटं कुणी बोलू नका. मग दाराशी कळशी आहे, घोटभर पाणी पिऊन जा. खालच्या गल्लीच्या नळाचं आहे.

उकळलेलं नाही.