सुगंधाचा भराव

(भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीमागच्या रस्त्याला नाव द्यायचंय. प्रभाग कार्यालयात अधिकारी समिधापुढे हरकतींची सुनावणी चालू आहे.)

धाकू : ...तवापासून भरतीच घाबरली. माज्या बायकोला इचारल्याबिगर पाणी आत येत नव्हतं, बाय.

समिधा : भरतीची सही आणलीय का, काका? मला कागद लागतो.

निहार : मॅडम, मी तेच सांगतोय. आमच्या सोसायटीने 'पाम अव्हेन्यू' सुचवलंय. मी सेक्रेटरी. दोनशे सह्या आहेत.

धाकू : पाम कुठं हाय तिथं?

निहार : कुंड्यांची ऑर्डर दिलीय.

धाकू : बघ. झाड यायचं हाय, नाव आधी आलं. माजी सुगंधा उलटी. तिनं आधी रस्ता केला, नाव मागनं लोकांनी दिलं.

समिधा : रस्ता त्यांनी केला?

धाकू : तिथं सगळं खाजण. गुडघाभर चिखल. मासळी विकून रिकामी टोपली घरी आणायची तिला लाज वाटायची. म्हणून बांधकामावरचं डबर भरून आणायची न् चिखलात ओतायची. अकरा वर्सं. एकदा आख्खा बंगला आणला टोपलीतनं.

समिधा : बंगला?

धाकू : बरं, जिना तरी व्हताच.

निहार : काका, सुगंधामावशींना जाऊन सहा वर्षं झाली, आदर आहेच. पण 'सुगंधाचा भराव' असं कुठल्या कागदावर लिहिलंय? एक दाखवा, आत्ता हरकत मागे घेतो.

धाकू : लिहून ठेव हां, बाय, काय बोलला ते. ही घे पिशवी.

समिधा : लग्नपत्रिका?

धाकू : वराती तिच्याच भरावावरून जायच्या, म्हणून तिला पत्रिका यायचीच. आन तिनं एक टाकली न्हाय. वर गणपती छापलेला असतो, कचऱ्यात कसा टाकायचा?

समिधा : 'सुगंधाच्या भरावाजवळ, भाईंदर पूर्व.' ही ब्याण्णवची. ही दोन हजार चारची, पत्ता तोच. किती आहेत?

धाकू : लाखभर.

समिधा : पिशवीत लाख मावत नाहीत, काका. थांबा... निहारसाहेब, ही तुमची दिसतेय. 'आमचे चिरंजीव निहार...'

निहार : बघू. बाबांनी छापली होती ही.

समिधा : पत्ता वाचा ना.

निहार : 'सुगंधाच्या भरावावरून सरळ, डाव्या हाताला मंडप.'

धाकू : कोरड्या पायानं बोहल्यावर गेलास, सेक्रेटरी.

निहार : पेन द्या, मॅडम. हरकत मागे. सोसायटीला मी समजावतो.

धाकू : आन कुंड्या?

निहार : भरावावर ठेवू.

समिधा : 'सुगंधाचा भराव मार्ग'. शिफारस लिहिली, काका. पाटीबद्दल काही सूचना?

धाकू : जरा खाली लावा. डोक्यावर टोपली असली की तिला वर बघता येत न्हाय.