कोचिंदा सेइतोकु पाण्यात एकटे का गेले

पुरवणी जबाब
दि. ९ सप्टेंबर २०२४, सकाळी १०.२०

मी, त्सुहाको मिनाए, वय ६३ वर्षे, धंदा – सागरी जीवशास्त्राची संशोधक (विद्यापीठातून निवृत्त), राहणार उफुहामा गाव, तोनाजिमा बेट, ओकिनावा, बंदरावरील पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी १९९१ सालापासून एकटी राहते. बेटाभोवतीच्या प्रवाळांचा अभ्यास करणे व ते टिकवणे हे माझे काम. गावात त्यांना ‘बाईंची पोवळी’ म्हणतात.

माझा पहिला जबाब दि. २९ ऑगस्ट रोजी उपनिरीक्षक इशिमिने यांनी घेतला होता. त्यात मी सांगितले की, कोचिंदा सेइतोकु यांच्याशी माझी काही बोलाचाली झाली नव्हती व ते पाण्यात जाणार हे मला माहीत नव्हते. या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. आजचा जबाब मी आपणहून देत आहे.

जबाबात त्यांचा उल्लेख ‘मयत’ असा न करता नावाने करावा अशी मी विनंती केली. ती मान्य झाली आहे.

कोचिंदा सेइतोकु, वय ७१, हे मासेमार. मी बेटावर आले तेव्हा विद्यापीठाने त्यांची होडी भाड्याने घेतली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारले, “बाई, खडक मोजायला कोणी पगारी माणूस ठेवतं का?” मी म्हणाले, “खडक नाही तो, प्राणी आहे.” ते म्हणाले, “मग मीठ लावून खाता येईल का?” त्या दिवसापासून तेहतीस वर्षे त्यांच्याच होडीतून मी काम केले. दुसऱ्या कोणाच्या होडीत मी बसलेले नाही.

१९९८ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते बादली घेऊन माझ्या दारात आले. बादलीत फांदीसारख्या प्रवाळाचा एक पांढराशुभ्र तुकडा होता. “बाई, समुद्रात चुना ओतला का कोणी?” मी त्यांना समजावून सांगितले, की प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहते, तेच त्याला खाऊ घालते, पाणी तापले की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि तसाच राहिला तर उपाशी मरतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. नंतर म्हणाले, “मग गार करा की.” मी हसले होते. त्या वर्षी बाहेरच्या कड्यावरचे निम्म्याहून जास्त प्रवाळ मेले.

२००३ पासून आम्ही लागवड सुरू केली. जिवंत प्रवाळाचे बोटभर तुकडे घ्यायचे, सिमेंटच्या चकतीवर बसवायचे, आतल्या उथळ पाण्यातल्या वाफ्यावर वाढवायचे आणि मग कड्यावर नेऊन रोवायचे. चकत्या ते स्वतः ओतत. प्रत्येक चकतीवर खिळ्याने क्रमांक कोरत. आजपर्यंत ९,४१२ चकत्या झाल्या. २००९ साली त्यांची पत्नी फुमी वारली. अंत्यविधीनंतर पाचव्या दिवशी ते चकत्या ओतताना मला दिसले. मी सिमेंट कालवायला बसले.

कड्यावरची मोजणी मी व माझे विद्यार्थी करत असू. सेइतोकुसान होडीत थांबत, कारण खोल पाण्यात त्यांचे कान दुखत. आतल्या उथळ वाफ्यावर मात्र ते टाकी लावून माझ्याबरोबर उतरत. दरवर्षी मोजणी आटोपून मी वर आले की ते हात देऊन मला होडीत ओढून घेत आणि विचारत, “किती जगली?” मी सांगत असे, “बरीच.” ते म्हणत, “बरं.” खरा आकडा माझ्या अहवालात छापला जाई. अहवाल इंग्रजीत असत.

खरा आकडा उतरत उतरत शंभरात चारवर आला होता. उन्हाळे एकापाठोपाठ एक तापत गेले. २००७, २०१६, २०२२. आम्ही लावायचो आणि ते मरायचे. ‘बरीच’ हा आकडा नाही हे मला माहीत होते. विज्ञानात असे उत्तर मी कोणाला दिले नसते.

दि. २७ ऑगस्ट रोजी दुपारी दोन वाजता गावच्या सभागृहात माझ्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. सुमारे चाळीस माणसे हजर होती. सरपंचांनी मला शेवटचे चार शब्द बोलायला सांगितले. समुद्र या वर्षी पुन्हा तापला होता, आणि आता तरी खरे सांगावे असे मला वाटले. मी पडद्यावर आलेख दाखवला. म्हणाले, की लावलेल्यांपैकी शंभरात चारच उरले आहेत, पाणी गार होत नाही तोवर लागवडीचा उपयोग नाही, ती थांबवावी असा माझा सल्ला आहे. सेइतोकुसान पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

मासेमार संस्थेतील एकजण मागून म्हणाला, “काय रे सेइतोकु, वीस वर्षं खडकाला खडे चिकटवलेस म्हणायचे!” लोक हसले. सेइतोकुसानही हसले. मी व्यासपीठावर उभी होते, मला बोलता आले असते. मी पुढचे चित्र लावले.

सभा संपल्यावर मासेमार संस्थेच्या बर्फाच्या खोलीपाशी आम्ही दोघेच बोललो. तिसरे कोणी नव्हते. आमचे बोलणे आठवते तसे सांगते.

मी म्हणाले, “तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”

ते म्हणाले, “काय सांगायला हवं होतं? शंभरात चार? तुमचे आकडे मला सोळा सालापासून पाठ आहेत, बाई. माझी लेक इंग्रजी वाचते.”

मी विचारले, “मग दरवर्षी विचारत का होतात?”

“तुम्ही पाण्यातून वर यायचात ते तोंड पाडून. ‘बरीच’ म्हणताना जरा बरं दिसायचं तोंड. म्हणून विचारायचो.”

मग ते म्हणाले, “उद्या आतल्या वाफ्यावर शेडनेट टाकू या. तंबाखूच्या शेतावरच्या जुन्या जाळ्या मागून आणल्यात, सात आहेत. पाणी गार नाही करता आलं तर निदान ऊन तरी अडवू. मला एकट्याला चार टोकं नाही धरता यायची. तुम्ही या.”

मी म्हणाले, “सेइतोकुसान, सावलीने काही होत नाही. पाणीच तापलंय. आत्ताच तर सांगितलं सगळ्यांसमोर.”

“मग मी एकटा जातो.”

मी म्हणाले, “जा.”

एकट्याने पाण्यात उतरायचे नाही हा नियम माझा होता. तेहतीस वर्षांत तो मी कोणालाही मोडू दिला नव्हता.

दि. २८ रोजी मी घरी होते. सकाळी कपाटातली पुस्तके खोक्यांत भरली. साडेआठच्या सुमारास त्यांच्या होडीचे इंजिन ऐकू आले. ते इंजिन मी ओळखते. मी खिडकीपाशी गेले नाही. दुपारी दोनपर्यंत होडी परतली नाही, तेव्हा त्यांची मुलगी चिनात्सु, वय ४४, शाळेत आचारी, हिने मला फोन केला. तिने विचारले, “बाई, बाबा तुमच्याबरोबर आहेत ना?” मी “नाही” म्हणाले. त्यानंतरचा तपशील माझ्या पहिल्या जबाबात आहे, तो खरा आहे. दि. ३० रोजी सकाळी शोधपथकाला ते वाफ्याच्या दक्षिणेस सापडले.

डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचे लिहिले आहे. तथापि टाकीत हवा शिल्लक होती, अडचणीत वर येण्यासाठी सोडायचा कमरेचा वजनाचा पट्टा सोडलेला नव्हता, आणि आदल्या दिवशी सभेत त्यांचा अपमान झाला होता, म्हणून त्यांनी स्वतःहून जीव दिला का, हा प्रश्न तपासात खुला आहे असे उपनिरीक्षकांनी मला सांगितले. गावात तर तो खुला राहिलेला नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात चिनात्सुच्या तोंडावर एक बाई म्हणाली, “बिचाऱ्याला सहन नाही झालं गं.”

दि. २ सप्टेंबर रोजी तटरक्षक दलाच्या पाणबुड्याबरोबर मी आतल्या वाफ्यावर उतरले. खोली साडेचार मीटर. सहा जाळ्या चारही टोकांना बांधलेल्या होत्या. सातवी तीन टोकांना बांधलेली होती व तिचे चौथे टोक पाण्यात हलत होते. पाणबुड्याने फोटो घेतले. वाफ्याच्या कडेला माझे ध्वनी टिपणारे यंत्र अनेक वर्षांपासून ठेवलेले आहे. ते रोज सकाळी आठ ते बारा आपोआप चालू असते. ते मी वर आणले.

ध्वनिमुद्रण मी दि. ३ रोजी ऐकले. त्याची प्रत आज चौकीत जमा केली आहे. त्यात ८.५२ वाजता होडीचे इंजिन बंद होते. ९.०४ पासून श्वासाचे बुडबुडे ऐकू येतात. मधूनमधून दोर घासल्याचा आवाज आहे. १०.४१ वाजता टाकीवर धातूने ठोकल्याचा आवाज येतो. दोन ठोके जवळ जवळ, एक थोड्या अंतराने. ते एकूण सात वेळा आहे, साधारण चार मिनिटांत. १०.४९ नंतर बुडबुडे नाहीत.

ठोक्यांच्या खुणा आमच्या ठरलेल्या होत्या. संकट असेल तर न थांबता ठोकत राहायचे. दोन आणि एक याचा अर्थ, ‘इकडे या, बघा.’

उपनिरीक्षकांनी विचारले, की होडीत किंवा पाण्यात दुसरे कोणी होते काय. नव्हते. ही खूण आणखी कोणाला माहीत होती काय. नाही. मग ते कोणाला बोलावत होते, असे विचारले असता, मी पाणी मागितले.

जिवंत प्रवाळाभोवतीचा समुद्र शांत नसतो. कढईत तेल तडतडावे तसा त्याचा आवाज असतो, तो तिथल्या कोळंब्यांचा आणि किड्यामुंग्यांएवढ्या जिवांचा. १९९१ ची माझी मुद्रणे आहेत, त्यांत त्या तडतडीपुढे काही ऐकू येत नाही. त्या काळी हे ठोके यंत्राला नीट टिपता आले नसते. या वर्षी ते स्पष्ट आले आहेत.

तब्येतीबद्दल विचारल्यावरून सांगते, की झोप कमी आहे. घरात नळ ठिबकला, शेजारी कोणी खिळा ठोकला, तरी मी उठून दारापर्यंत जाते. हे जबाबात घेण्याची गरज नाही असे मी म्हणाले. अधिकाऱ्यांनी घेतले.

दि. ६ रोजी मी चिनात्सुच्या घरी गेले व बर्फाच्या खोलीपाशी झालेले बोलणे तिला जसेच्या तसे सांगितले. ‘जा’ हा शब्दही सांगितला. ती बराच वेळ तांदूळ धूत राहिली. मग म्हणाली, “ते मुद्रण मला ऐकवा.” मी ऐकवले. तिने दोनदा ऐकले. दुसऱ्या वेळी ठोके आले तसे तिने डोळे पुसले व म्हणाली, “मरायला गेलेला माणूस असा हाका मारत नाही, बाई. काहीतरी दाखवायचं होतं त्यांना. चला, मी होडी घेते. बघून या.”

दि. ७ रोजी सकाळी चिनात्सुने होडी चालवली. तिने चुलतभाऊ सेइजिन याला माझ्याबरोबर पाण्यात उतरवले. म्हणाली, “एकटीला नाही सोडणार.”

सहा जाळ्यांखालचे प्रवाळ फिके झालेले आहेत, पण पांढरे पडलेले नाहीत. जाळीबाहेरचे पांढरे आहेत. म्हणजे सावलीने काही होत नाही हे माझे म्हणणे निदान या वाफ्यापुरते तरी बरोबर नव्हते. हे किती दिवस टिकेल ते मी सांगू शकत नाही.

सातव्या जाळीखाली आमची एकही चकती नाही. तिथे लागवड कधीच केलेली नाही, नोंदवहीत ती जागा रिकामी आहे. सेइतोकुसान यांनी जाळी तिथे का ताणली हे मला प्रथम कळले नाही. मी जाळी उचलून खाली पाहिले. उघड्या खडकावर तळहाताएवढा एक प्रवाळ होता, तपकिरी, टोकांना निळसर. त्याला चकती नव्हती, क्रमांक नव्हता. तो कोणी लावलेला नाही. प्रवाळाची पिल्ले पाण्यातून वाहत येतात व जागा पसंत पडली तर बसतात. हा आपला आपण येऊन बसलेला आहे. वय अंदाजे चार वर्षे. म्हणजे २०२२ चा उन्हाळाही त्याने काढला आहे. माझ्या मोजण्यांत तो सुटला होता. त्याचे आईबाप आमच्या लावलेल्यांपैकी होते काय, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

सेइतोकुसान मला हाच दाखवत होते, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी तिथे नव्हते.

त्यांनी जीव दिला काय, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते काम करत होते व काम अर्धे राहिले होते.

सातव्या जाळीचे चौथे टोक मी बांधले. फोटो व पंचनामा त्याआधी झाला होता, तरी जागेला हात लावणे चूक असल्यास ती माझी समजावी. माझी गाठ त्यांच्याइतकी चांगली येत नाही. ती सुटते की काय हे पाहायला उद्या सकाळी आम्ही पुन्हा जाणार आहोत. चिनात्सुने होडी सात वाजता सांगितली आहे.

या जबाबाची एक प्रत कोचिंदा चिनात्सु हिला द्यावी.

उपनिरीक्षक इशिमिने यांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी त्यांना थांबायला सांगितले. तिथला मजकूर बदलायचा नव्हता. मी जे व जसे सांगितले ते तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.

समक्ष,
इशिमिने, पोलीस उपनिरीक्षक

सही,
त्सुहाको मिनाए