बारा खिळ्यांची चौकट

वहिनी : आता तुम्हीच हिशेब करा, भावोजी. पदक दाखवलं की युद्धाच्या स्मारकाच्या भिंतीवर तुमच्या नावाशेजारी ह्यांचंही नाव कोरणार. हे जाऊन तीन महिने झाले. मला काय, जाऊन बसायला एक भिंत मिळेल. एवढ्याशा लाभानं तुमचं तोंड का उतरलं?

भावोजी : तोंड नाही उतरलं. चहात साखर कमी आहे.

वहिनी : तीन चमचे आहेत.

भावोजी : पण चौकट उघडलीत कशाला?

वहिनी : पदकाच्या कडेवरचा नंबर लागतो म्हणे. कारकून भिंग लावून वाचतो. एका पदकाच्या चौकटीला बारा खिळे! तिजोरीला नसतील एवढे. मी म्हणायची, नवरा हौशी आहे. काल सगळे उपसले, चष्मा लावला, तर कडेवर नाव तुमचं.

भावोजी : अदलाबदल झाली असेल. वाटताना गर्दी होती.

वहिनी : मलाही तेच वाटलं. म्हणून तर तुमचं घेऊन बोलावलं. द्या इकडे.

भावोजी : राहू दे ना, वहिनी.

वहिनी : द्या म्हणते ना.

(ती दोन्ही पदकं खिडकीपाशी नेते. चष्मा लावून दोन्हींच्या कडा वाचते.)

वहिनी : हेही तुमचंच. नंबरसुद्धा तोच. मग ह्यांचं कुठंय?

भावोजी : त्याला मिळालंच नाही.

वहिनी : काहीतरीच. युद्ध संपल्यावर सगळ्यांना दिलं. तुमच्या आचाऱ्यालासुद्धा.

भावोजी : चौकी सोडून पळाला, असं कागदावर आहे.

वहिनी : आणि खरं?

भावोजी : पळालाच. मला पाठीवर घेऊन. माझ्या मांडीत गोळी होती. चार मैल, वहिनी. मी शुद्धीवर आलो तोवर चौकशीचा निकाल लागला होता. साहेब म्हणाला, बेशुद्ध माणसाची कसली साक्ष?

वहिनी : मग हे?

भावोजी : माझं हरवलं असं लिहून दिलं. दुसरं आलं. पहिलं त्याला दिलं.

वहिनी : आणि हरवल्याबद्दल तुम्हाला काय मिळालं?

भावोजी : बढती राहिली.

वहिनी : अगं बाई! आणि मी चारचौघांत चेष्टा करायची, आमचे भावोजी जन्माचे शिपाई म्हणून.

भावोजी : चेष्टा चांगली होती. उद्या कचेरीत येतो, खरं काय ते सांगतो.

वहिनी : म्हणजे खोटं लिहून दिल्याबद्दल तुमचं नावही खरवडून काढतील. ह्यांचं तर चढणारच नाही. हा कुठला व्यवहार?

भावोजी : काढू देत.

वहिनी : नको. तुमचं नाव त्या भिंतीपर्यंत ह्यांनीच पाठीवरून आणलंय. ...मला का नाही सांगितलं पण?

भावोजी : भ्यायचा. म्हणायचा, मुलगी बघायला गेलो तेव्हा तिची नजर पदकावरून हलेना. त्यावरच तर होकार दिला तिनं.

वहिनी : मी बघत होते पदकाशेजारचं तुटलेलं बटण. म्हटलं, ह्याला लावून द्यायला कोणी नाही.

भावोजी : वहिनी...

वहिनी : रडू नका, चहा खारट होईल. तुमची बढती गेली. ह्यांचे पलटणीचे सगळे मेळावे गेले. दर वर्षी नेमका त्याच दिवशी ह्यांचा गुडघा दुखायचा. हातोडी त्या खणात आहे.

भावोजी : कशाला?

वहिनी : ठोका परत. मोजून बारा. काच मी पुसत जाईन, इतकी वर्षं पुसली तशी.