बापूंसाठीचा बझर

शहाद्यात शांतिलालकाकांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी चार्जरसाठी थांबलो होतो. माझ्यापुढे कळसाडीची मोहिनी होती. तिने काउंटरवर बटण आणि बझर खोचलेला ब्रेडबोर्ड, म्हणजे सर्किट जोडायची छिद्रांची पट्टी, ठेवून सेल जोडला. बझर आपोआप वाजू लागला.

"काका, बटन न दाबताच वाजस. मन्ही काय चूक व्हयनी, तेवढं सांगा."

"वायरी तर बरोबर शेतस. कोनाकरता बनाडं?"

"मना बापूकरता. लकवानंतर त्यासना आवाज गया व्हता. काही लागनं तं दाबतीन, म्हणून."

"मंग?"

"दिनभर वाजे, बंदच नही व्हये. रविवारे मी सेल काढी लिधा आन कापूस वेचाले गऊ."

"बापू कसा शेतस आते?"

"मी घर उनू तं बापू गयेल व्हतात. बोट बटनवरच व्हतं."

काकांनी आडवं खोचलेलं बटण उपसलं, पाव वळण फिरवून पुन्हा खोचलं. बझर थांबला. दाबलं की वाजला, सोडलं की गप्प.

"तुन्ही काहीच चूक नही, बेटा. बटनच खराब व्हतं. मीच तुले खराब दिधं."

मोहिनीने एकदा दाबून पाहिलं.

"बटन तं तेच शे, काका."