मुका निरोप्या

नाही नाही, कोडमध्ये शोधू नका, तिथे नाही सापडणार — ही एक्सएमएल फाइल उघडा, उद्यापासून तुम्हालाच सांभाळायची आहे. आपलं गळ्यातलं बटण बघितलंय ना — एकटी राहणारी म्हातारी माणसं ते दाबतात आणि घरच्यांच्या फोनवर निरोप जातो. तर कोड एवढंच म्हणतो, मला एक निरोप्या द्या. कुठला द्यायचा, ते इथे लिहायचं — हेच बाइंडिंग. डिपेंडन्सी इंजेक्शन असं भारदस्त नाव आहे त्याला, पण गोष्ट इतकीच. दर घराची एक ओळ. खरा निरोप्या लिहिला की फोन वाजतो. मुका लिहिला तर — मुका म्हणजे चाचणीपुरता — निरोप घेतो, ‘पोहोचला’ म्हणतो आणि गप्प बसतो. कोडला फरक कळत नाही. कळू नये म्हणूनच तर अशी रचना — मीच केली, सहा वर्षांपूर्वी, कौतुकही झालं होतं.

ही ओळ? हे आईचं घर. माझ्या आईचं. तिला जाऊन सात महिने झाले. ऐकलं असेल तुम्ही — चाचणीचं बाइंडिंग चुकून राहून गेलं, असं. मीच तसं लिहून दिलं. साहेब म्हणाले, कुणाच्याही हातून होतं. होतं ना — पण त्या दिवशी चाचणी नव्हतीच हो. आई दिवसातून दहादा दाबायची. मी घाबरून फोन करावा तर — जेवलीस का, चष्मा सापडत नाही, नुसतंच दाबून बघितलं गं. किती चिडायचे मी तिच्यावर. त्या दुपारी मोठ्या क्लायंटची मीटिंग होती, म्हटलं दोन तास तरी — एक शब्द बदलला. खऱ्याच्या जागी मुका. फाइल सेव्ह केली आणि जाऊन बसले. मीटिंग छान झाली.

नंतर नोंदी काढल्या. बाथरूममध्ये पडली होती. एरवी दहादा दाबणारी बाई, त्या दिवशी तीनदाच. तिन्ही वेळा ‘पोहोचला’ — आणि पोहोचला की बटणावर हिरवा दिवा लागतो, मीच शिकवलं होतं तिला, हिरवा लागला ना आई, की समजायचं मी निघाले. शेजारच्या काकू भिंतीपलीकडेच होत्या, दुपारभर घरात. म्हणाल्या, एक हाक मारली असती तर धावत आले असते गं. कशाला मारेल ती हाक? दिवा लागला होता की. ती माझी वाट बघत होती.

काकूंनी विचारलं, तुला निरोप नाही का मिळाला? मी म्हटलं, मशीनच बिघडलं काकू.

तुम्हाला तरी कशाला सांगतेय हे — ती ओळ काढून टाका म्हणून वरून दोनदा सांगणं आलंय. माझ्याने होत नाही. तुम्ही काढा.

आत्ता नको. मी इथून उठल्यावर.